स्पाइकचं डीएन/डीएस एकाच्या खाली येतंय, मग निवड दिसायची कुठे?

अधोरेखा

नमस्कार. एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्राचा प्रकल्प चालू आहे आणि दोन आठवडे एकाच जागी अडकले आहे, म्हणून हा धागा.

विषय आहे सार्स-कोव्ह-२ च्या (कोविडच्या विषाणूच्या) जीनोमवर नैसर्गिक निवडीच्या खुणा शोधणं. सार्वजनिक साठ्यातून साथीच्या पहिल्या दीड वर्षातले जीनोम घेतले, वुहानच्या संदर्भ जीनोमशी (२९,९०३ बेस) जुळवले आणि प्रत्येक जनुकासाठी डीएन/डीएस काढलं. ज्यांचा हा विषय नाही त्यांच्यासाठी: कोडॉन म्हणजे एक अमिनो आम्ल ठरवणारी तीन बेसांची जुडी. त्यातल्या काही बदलांनी अमिनो आम्ल बदलतं, काहींनी नाही. दोन्ही प्रकार आपापल्या शक्य जागांच्या हिशेबात मोजायचे आणि त्यांचं गुणोत्तर घ्यायचं. एकाच्या वर गेलं तर बदल विषाणूच्या पथ्यावर पडतोय, खाली आलं तर बदल गाळला जातोय, असं आम्हाला शिकवलं.

माझं स्पाइकचं, म्हणजे विषाणूच्या पृष्ठभागावरच्या काट्यांच्या प्रथिनाचं, उत्तरही एकाच्या खाली आलं. अल्फा, बीटा, डेल्टा सगळ्यांची ओळख ज्या स्पाइकवरून होते, तिथेच "बदल गाळला जातोय". सूत्र तीनदा तपासलं, चूक सापडत नाही.

दुसरी गोष्ट. कुठले बदल सर्वांत जास्त जीनोममध्ये दिसतात त्याची यादी केली. वरच्या चारांत २४१, ३०३७, १४४०८ आणि २३४०३ या जागा. पहिल्या तिन्ही जागी सी चा टी झालाय (आरएनएमध्ये खरं तर यू, पण फायलींमध्ये टी लिहितात). खाली पाहिलं तरी सी→टी चाच भरणा. मी अहवालात "या बदलांना निवडीचा जोरदार पाठिंबा दिसतो" असं लिहिलं. सरांनी त्या वाक्याखाली पेन्सिलने रेघ मारली आणि विचारलं, "वाढला म्हणजे फायद्याचा होता, हे कशावरून?" मला उत्तर देता आलं नाही. ते वाक्य मी खोडलं, पण त्याच्या जागी काय लिहायचं ते कळत नाहीये.

चौथा_कोडॉन

तुमच्या सूत्रात चूक नाही. चूक आहे ती सगळ्या जनुकाची सरासरी काढण्यात.

स्पाइक १,२७३ अमिनो आम्लांचं. त्यातला ग्राहीला (आपल्या पेशीवरच्या एसीई२ या प्रथिनाला) चिकटणारा भाग साधारण ३१९ ते ५४१, आणि त्यातही बदल फायद्याचा ठरेल अशा जागा मोजक्याच. उरलेल्या शेकडो जागांनी प्रथिनाचा आकार धरून ठेवायचा असतो, पेशीच्या पटलात घुसायचं यंत्र चालवायचं असतं. तिथे हात लावला की विषाणू मेला. वीस-पंचवीस जागा बदल मागतायत आणि हजार जागा बदल नाकारतायत, तर सरासरी एकाच्या खालीच येणार. म्हणून जागानिहाय पद्धती वापरा. फेल आणि मीम त्यासाठीच आहेत. मीम तर एखाद्या जागेवर वंशवृक्षाच्या थोड्याच फांद्यांवर निवड झाली असेल तरी पकडते.

एक सावधगिरी. तुमचे जीनोम फार जवळजवळच्या काळातले आहेत. किंचित हानिकारक बदल लगेच नाहीसे होत नाहीत, गाळले जायला त्यांना वेळ लागतो. त्यामुळे इतक्या कमी काळाच्या नमुन्यात डीएन/डीएस खऱ्यापेक्षा जास्तच दिसतं. म्हणजे जनुक १एबीसाठी तुम्हाला जो कमी आकडा मिळाला असेल, त्याहून तिथली गाळणी प्रत्यक्षात कडक आहे.

आणि मूक बदल (ज्याने अमिनो आम्ल बदलत नाही तो) म्हणजे निर्धोक बदल असंही नाही. आरएनएच्या घड्या त्याने मोडू शकतात. शिवाय सी नंतर लगेच जी आला की आपल्या पेशींमधलं झॅप नावाचं प्रथिन तो आरएनए परका म्हणून ओळखतं. या विषाणूत सी-जी जोड्या अपेक्षेपेक्षा खूप कमी आहेत.

काचपात्र

मी आकडेमोडीतली नाही. माझी बारा वर्षं विषाणू वाढवण्यात गेली, हवेचा दाब उणा ठेवलेल्या खोलीत, दोन-दोन हातमोजे चढवून. त्यामुळे नैसर्गिक निवड मी आधी बाटलीत पाहिली आणि आलेखात फार नंतर. अधोरेखा, तुमच्या सरांच्या प्रश्नाकडे येईनच, पण आधी ही बाटलीची गोष्ट ऐका.

२०२० मध्ये एका रुग्णाच्या नमुन्यातून विषाणू वेगळा करून आम्ही व्हेरो ई६ पेशींवर वाढवायला घेतला. या पेशी मुळात आफ्रिकन हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातल्या. यांना स्वतःचा इंटरफेरॉन बनवता येत नाही, म्हणून विषाणू त्यांच्यात बिनविरोध वाढतो आणि जगभरच्या प्रयोगशाळा त्या वापरतात. पहिल्या फेरीत पेशींच्या थरावर बारीक, टाचणीच्या डोक्याएवढे डाग पडले. त्यातला द्रव नव्या पेशींवर, त्यातला पुन्हा नव्या पेशींवर, असं चालू ठेवलं. चौथ्या फेरीच्या थाळीत दोन प्रकारचे डाग होते: बारीक, आणि त्यांच्यामध्ये ठळक, मोठे.

मला वाटलं, नमुना दूषित झाला. सगळं टाकून गोठवलेल्या पहिल्या साठ्यातून परत सुरुवात केली. तिसऱ्या-चौथ्या फेरीला परत मोठे डाग. तेव्हा एक मोठा डाग टोकाने उचलून त्याचा क्रम वाचून घेतला. स्पाइकच्या दोन भागांच्या सांध्यावर प्रोलिन-आर्जिनिन-आर्जिनिन-अॅलॅनिन-आर्जिनिन असा एक तुकडा असतो, जिथे आपल्या पेशींमधलं फ्युरिन कात्री चालवतं. तो तुकडाच गळला होता.

हे का झालं ते नीट पाहा, कारण निवड म्हणजे काय ते मला इथे कळलं. माणसाच्या श्वासमार्गातल्या पेशींवर टीएमपीआरएसएस२ नावाचं विकर असतं. स्पाइक आधीच फ्युरिनने कापलेलं असेल तर हे विकर पुढचा काप घेतं आणि विषाणू पेशीच्या पृष्ठभागावरूनच आत शिरतो. व्हेरो ई६ मध्ये ते विकर जवळजवळ नाही. तिथे विषाणूला पेशीने गिळून आतल्या पिशवीत न्यावं लागतं आणि तिथली कॅथेप्सिनं उरलेलं काम करतात. अशा ठिकाणी आधीच कापलेलं स्पाइक हे ओझंच. ते कमी टिकाऊ असतं, निष्कारण मोडतं. ज्या विषाणूचा तुकडा नक्कल होताना चुकून गळला त्याची संतती जास्त झाली. पुढच्या फेरीसाठी मी जे थेंब उचलले त्यात तीच जास्त होती. बाकी काहीही घडलं नव्हतं.

त्या साठ्यावर केलेल्या सगळ्या चाचण्या आम्हाला टाकून द्याव्या लागल्या, कारण आता आमच्या हातात माणसात फिरणारा विषाणू राहिलाच नव्हता. पुढे टीएमपीआरएसएस२ घातलेल्या व्हेरो पेशी आणि मानवी फुप्फुसाच्या कॅलू-३ पेशी वापरल्या. तिथे तुकडा टिकला. फेरेटवरच्या प्रयोगांतही हेच दिसलंय: तो तुकडा काढलेला विषाणू एका फेरेटकडून दुसऱ्याकडे गेला नाही.

म्हणून सांगते, "हा बदल फायद्याचा" हे वाक्य अर्धं आहे. कुठे फायद्याचा, कशाच्या तुलनेत, हे लिहिल्याशिवाय ते पुरं होत नाही. सर बहुधा हेच विचारतायत.

आणि गाळणीला कमी लेखू नका. "एकाच्या खाली" हे उत्तर तुम्हाला निराशेचं वाटलं, पण कोरोनाविषाणूच्या जीनोमवर निवड बहुतेक वेळ हेच काम करते. याची लांबी बघा, २६ ते ३२ हजार बेस. फ्लूचा जीनोम साडेतेरा हजारांच्या आसपास, पोलिओचा साडेसात हजार. आरएनए विषाणू इतका लांब असणं हीच मोठी नवलाची गोष्ट आहे, कारण नक्कल करताना चुका होतात आणि जितकं लांब तितक्या चुका जास्त. हा टिकतो कारण याच्याकडे एनएसपी१४ आहे, चुकीचा बेस छाटून टाकणारं प्रथिन. प्रयोगात त्याची छाटणी बंद केली तर २००३ चा सार्स विषाणू लंगडत जगला, चुका कितीतरी पटींनी वाढल्या. सार्स-कोव्ह-२ मध्ये तसंच केलं तर विषाणू हातीच लागला नाही.

तुमच्याच फायलींत एक गंमत करून बघा. मधेच प्रथिन थांबवणारे कोडॉन कुठे सापडतात ते शोधा. आरएनएची नक्कल करणाऱ्या एनएसपी१२ मध्ये ते टिकलेले दिसणार नाहीत. ओआरएफ८ मध्ये सापडतील, अल्फाच्या तर सत्ताविसाव्या कोडॉनलाच आहे. सिंगापूरमध्ये २०२० च्या सुरुवातीला ओआरएफ८ च्या भागातून ३८२ बेस गेलेला विषाणूही माणसांत फिरत होता. कुठलं जनुक किती अपरिहार्य आहे ते या मोकळ्या आणि भरलेल्या जागांवरून वाचता येतं. १ए आणि १बी च्या सांध्यावर यू-यू-यू-ए-ए-ए-सी अशी सात अक्षरं आहेत, जिथे रायबोसोम एक बेस मागे घसरतो आणि पुढचं वाचन वेगळ्या चौकटीत सुरू होतं. ती सात अक्षरं सगळ्या कोरोनाविषाणूंमध्ये किती जपलेली आहेत ते एकदा पाहा. मला तरी नव्या उत्परिवर्तनांच्या याद्यांपेक्षा त्या न बदललेल्या सात अक्षरांत जास्त शिकायला मिळालं.

अधोरेखा

काचपात्रताई, हे दोनदा वाचलं. थांबवणारे कोडॉन आज रात्रीच शोधते. पण सी→टी चं काय? ते एवढे जास्त का, आणि यादीत वर असूनही ते निवडीचा पुरावा का नाहीत?

चौथा_कोडॉन

इथे दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्यात.

पहिली, कुठला बदल मुळात किती वेळा घडतो. सी→यू या विषाणूत बाकीच्या बहुतेक बदलांपेक्षा खूप जास्त वेळा घडतो. आपल्या पेशींमधली अॅपोबेक कुळातली विकरं सी चा अमिनो गट काढून त्याचा यू करतात, आणि त्यांच्यावरच याचा मुख्य संशय आहे. जी→यू चंही प्रमाण जास्त आहे. हा उत्पादनाचा कल झाला, निवड नव्हे. तेव्हा "किती वेळा दिसला" हे एकटं मोजून उपयोग नाही. "निवड नसती तर किती वेळा दिसला असता" याच्याशी तुलना हवी. २०२३ मध्ये जेसी ब्लूम आणि रिचर्ड नेहर यांनी नेमकं हेच केलं. ज्या कोडॉनमध्ये तिसरा बेस कुठलाही चालतो, त्या जागांवरून प्रत्येक प्रकारच्या बदलाचा मूळ वेग काढला आणि प्रत्यक्ष संख्या त्या अपेक्षेशी ताडून पाहिली. अपेक्षेपेक्षा फार कमी म्हणजे हानिकारक, जास्त म्हणजे फायद्याचा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तुम्ही जीनोम मोजलेत, घटना नाही. २४१, ३०३७, १४४०८ आणि २३४०३ हे चार बदल एकाच फांदीवरून एकत्र आले. यांपैकी २३४०३ म्हणजे स्पाइकचा डी६१४जी: कोडॉन जीएटी चा जीजीटी, अॅस्पार्टिक आम्लाच्या जागी ग्लायसिन. हॅमस्टरवर आणि श्वासमार्गाच्या पेशींवर केलेल्या प्रयोगांत याने विषाणूला बळ मिळाल्याचं दिसलं. पण ३०३७ मुळे अमिनो आम्ल बदलतच नाही, आणि २४१ तर कुठल्याच जनुकात नाही, जीनोमच्या सुरुवातीच्या न वाचल्या जाणाऱ्या पट्ट्यात आहे. ते जगभर गेले ते एकाच दोऱ्यात ओवले होते म्हणून. तुमच्या यादीत लाखो जीनोमचं वजन घेऊन बसलेला ३०३७ मुख्यतः एकाच जुन्या घटनेचा वारसा आहे.

तेव्हा वंशवृक्ष काढा आणि प्रत्येक बदल झाडावर किती वेगवेगळ्या ठिकाणी, स्वतंत्रपणे उगवला ते मोजा.

सरांच्या "कशावरून" साठी एक उदाहरण देतो. २०२० च्या उन्हाळ्यात स्पाइकमध्ये ए२२२व्ही असलेला वंश युरोपभर झपाट्याने वाढला. आलेख पाहून कुणालाही वाटेल की जास्त संसर्गजन्य प्रकार आला. बारकाईने पाहिल्यावर कळलं की तो स्पेनमध्ये वाढला आणि सुट्टीवरून परतणाऱ्या लोकांबरोबर देशोदेशी पुन्हा पुन्हा पोचला. ती वाढ समजावून सांगायला प्रवास पुरेसा होता. आता एन५०१वाय बघा. ब्रिटनमध्ये अल्फा, दक्षिण आफ्रिकेत बीटा, ब्राझीलमध्ये गॅमा, तीन वेगळ्या फांद्या, आणि तिन्हींवर ५०१ ला टायरोसिन. बीटा आणि गॅमावर जोडीला ई४८४के पण. एका फांदीला नशिबाची साथ मिळू शकते, पण तीन फांद्यांवर तेच अक्षर त्याच जागी येऊन तिन्ही वर चढतात तेव्हा प्रवासाचं स्पष्टीकरण पुरत नाही. ५०१ च्या टायरोसिनने मानवी एसीई२ ला पकड घट्ट होते हे प्रयोगशाळेत वेगळं मोजलेलं आहे.

तुमच्या काळानंतरचं, पण माझं सगळ्यांत आवडतं उदाहरण ४८६ चं. मूळ कोडॉन टीटीटी, म्हणजे फेनिलअॅलॅनिन. प्रतिपिंडं तिथे चिकटतात, म्हणून ते बदलणं विषाणूच्या सोयीचं. पण बदललं की एसीई२ वरची पकड सुटते. ओमायक्रॉनच्या एक्सबीबी या उपप्रकाराने टीसीटी केलं, म्हणजे सेरिन. प्रतिपिंडं चुकवली, पकडीची किंमत मोजली. मग एक्सबीबी.१.५ ने कोडॉनचं पहिलं अक्षर बदललं: सीसीटी, म्हणजे प्रोलिन. प्रतिपिंडं चुकवणं राहिलं आणि पकडही परत मिळाली. टीटीटी वरून सीसीटी ला थेट उडी मारायला एकाच वेळी दोन बदल लागतात, म्हणून हा रस्ता सेरिनवरून गेला. निवडीला फक्त पुढच्या पायरीचं दिसतं, आणि ती पायरी कोडॉनच्या तक्त्यात शेजारी असावी लागते.

दुपारचं_वाचन

मी निव्वळ वाचक. विषाणू शेवटी सौम्यच होत जातो, यजमान मेला तर त्याचंच नुकसान, असं इतक्यांदा ऐकलंय. जीनोममध्ये तसं दिसतं का?

काचपात्र

नाही दिसत, आणि हा समज माणसांना बेसावध करतो म्हणून मला त्याची काळजी वाटते.

निवड मोजते ती संतती, म्हणजे एका माणसाकडून पुढे किती जणांकडे गेला. हा विषाणू बहुतांशी लक्षणं सुरू होण्याच्या आधी-नंतरच्या थोड्या दिवसांत पसरतो. माणूस गंभीर होतो तो त्यानंतर, तोवर विषाणू पुढे गेलेला असतो. दोन-तीन आठवड्यांनी रुग्णाचं काय झालं याची किंमत विषाणूला फारशी मोजावी लागत नाही, म्हणून त्या दिशेने निवडीचा रेटाही फारसा नाही. डेल्टा अल्फानंतर आला आणि वरचढ झाला, तरी रुग्णालयात दाखल व्हायची जोखीम डेल्टात जास्तच होती. ओमायक्रॉन फुप्फुसात कमी खोल गेला हे खरं. पण तो डेल्टापासून उतरलेलाच नाही, वेगळ्याच जुन्या फांदीवरून आला. पेशीत शिरताना तो टीएमपीआरएसएस२ वर कमी विसंबतो, पिशवीच्या वाटेने जास्त जातो. माझ्या बाटलीतली तीच वाट! सौम्यपणा त्यातून ओघाने आला. शिवाय तोवर बहुतेकांना लस किंवा आधीचा संसर्ग यांचं कवच होतं.

खरा रेटा आता त्या कवचाचाच आहे. २२९ई हा सर्दीचा कोरोनाविषाणू आपल्यात कित्येक दशकं आहे. १९८० च्या दशकात गोठवून ठेवलेल्या माणसांच्या रक्तद्रवांनी १९८४ चा २२९ई चांगला रोखला, पण पुढच्या वर्षांतल्या विषाणूंच्या स्पाइकपुढे त्यातले अनेक कमी पडले. म्हणजे स्पाइक सरकत राहिलं.

आणखी एक, अधोरेखासाठी. एकाकडून दुसऱ्याकडे जाताना बहुधा एकच किंवा मोजके विषाणू नवा संसर्ग उभा करतात. थोड्या दिवसांच्या आजारात निवडीला हाताशी फार विविधता मिळतच नाही. फायद्याचा बदल झाला तरी त्या अरुंद दारातून तो पुढे गेलाच नाही असं सहज होतं. प्रतिकारशक्ती खचलेल्या रुग्णात मात्र विषाणू महिनोन् महिने राहतो, अर्धवट प्रतिपिंडांच्या सहवासात. असे रुग्ण वेळोवेळी तपासले तेव्हा एकाच शरीरात स्पाइकचे बदल साचत गेलेले दिसले, त्यात ४८४ सारख्या ओळखीच्या जागाही होत्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये ओमायक्रॉन समोर आला तो स्पाइकमध्ये तिसाहून जास्त बदल घेऊन, आणि मधल्या पायऱ्या साठ्यात जवळजवळ नव्हत्याच. अशाच दीर्घ संसर्गात तो घडला असावा हा अंदाज मला पटतो. या रुग्णांवर नीट उपचार व्हावेत याचं मुख्य कारण ते स्वतः आहेत, हेही इथेच लिहिते, कारण चर्चेत त्यांचा उल्लेख नुसता कारखान्यासारखा होतो आणि ते मला सहन होत नाही.

अधोरेखा

नऊ दिवसांनी परत आले.

झाड काढलं, घटना मोजल्या. ३०३७ यादीतून पार खाली गेला. ५०१, ४८४ आणि ६८१ वर आले. ६८१ मध्ये अल्फाकडे हिस्टिडिन आणि डेल्टाकडे आर्जिनिन, आणि ही जागा म्हणजे काचपात्रताईंच्या त्या फ्युरिनच्या तुकड्यातलं पहिलंच प्रोलिन आहे हे नकाशावर पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला. बाटलीत जे गळलं, तेच माणसांत धारदार होत होतं. एनएसपी६ मधली १०६ ते १०८ ही गळतीही अल्फा, बीटा, गॅमा तिन्हींत आहे. पूर्वी मी गळती मोजतच नव्हते. थांबवणारे कोडॉनही शोधले. ओआरएफ८ मध्ये ढिगाने, एनएसपी१२ मध्ये एक सापडला, आणि मूळ वाचन उघडून पाहिलं तर तो वाचनातला दोष निघाला.

सरांना नवं वाक्य दाखवलं: "हा बदल किमान तीन स्वतंत्र फांद्यांवर, अपेक्षित वेगापेक्षा जास्त वेळा उगवला आणि प्रत्येक वेळी त्या फांदीबरोबर वाढला." त्यावर रेघ नाही मारली.

एक शंका उरलीय. २८८८१, २८८८२ आणि २८८८३ या तीन जागा कायम एकत्र बदलतात, जीजीजी चं एएसी. मी त्या तीन घटना धरल्यात. बरोबर आहे का?

चौथा_कोडॉन

नाही, एकच धरा. तीन शेजारचे बेस सुटे सुटे बदलले असते तर मधल्या पायऱ्या झाडावर भरपूर दिसल्या असत्या. शिवाय त्या तीन बेसांत दोन कोडॉन येतात: एन प्रथिनाचा २०३ वा, ज्यात आर्जिनिनचं लायसिन होतं, आणि २०४ था, ज्यात ग्लायसिनचं आर्जिनिन. तुमची सध्याची मोजणी तिथे निवडीला उगाच जास्तीचे गुण देईल. बदललेल्या अक्षरांच्या आजूबाजूचा क्रम जीनोमच्या सुरुवातीच्या पट्ट्यातल्या एका छोट्या खुणेशी ताडून पाहा. नक्कल करणारं विकर त्या खुणेपाशी एका जागेवरून दुसरीकडे उडी मारतं. ती ताडून झाली की इथे टाका, मलाही बघायचंय.